नाव नको

माझा धंदा नावं घालायचा. दिवसभर पितळेच्या भांड्यांवर लोकांची नावं घालायची आणि दिवेलागणीला घरी येऊन त्याच लोकांना नावं ठेवायची, असं माझी बायको म्हणायची. ती काही खोटं बोलत नव्हती. पण सगळ्यांत जास्त नावं मी ज्याला ठेवली, त्याचं नाव मात्र माझ्या छिन्नीनं एकाही भांड्यावर घातलं नाही. इथंही घालत नाही. त्याला ते आवडलं नसतं, आणि मला तरी ते कुठं गोड लागणार आहे?

सोलापुरात कासारांच्या दुकानांची जी ओळ होती, तिच्या अगदी शेवटाला माझा ओटा. वडील तिथं बसायचे, त्यांच्यामागं मी बसलो. कासाराकडं भांडं विकलं गेलं की ते चिठ्ठीसकट माझ्याकडं यायचं. काय घालायचं ते चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं. आधी खडूनं अक्षर काढायचं, मग छिन्नी आणि बारकी हातोडी घेऊन ठिपक्याला ठिपका लावत ते उठवायचं. मजुरी अक्षरावर, म्हणून लोक आडनाव गाळायचे. गावाच्या पूर्वभागातले तेलुगू विणकर मुलीचं नाव तोंडी सांगायचे, मी ते कानाला आलं तसं घालायचो, आणि तेही बापडे तसंच घेऊन जायचे. काम झालं की चिठ्ठी तारेत ओवून ठेवायची. ही वडिलांची शिस्त. पुढं कुणी म्हणालं, मी असं सांगितलंच नव्हतं, की तारेवरनं चिठ्ठी काढून त्याच्या नाकासमोर धरायची.

माझं अक्षर चांगलं होतं. फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे फुशारकी म्हणूनच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगितलं नाही.

तो आणि मी एका गल्लीतले. शाळेत एकाच तरटावर बसायचो. त्याचं अक्षर म्हणजे पाटीवर कोंबडी चालून गेल्यासारखं. त्याच्या पाटीवरचा कित्ता मीच गिरवून द्यायचो. त्याचे वडील लवकर गेले, आई आणि मोठी बहीण मागावरच्या लोकांना कांड्यांवर सूत भरून द्यायच्या, आणि धाकटे दोन भाऊ अंगणात धुळीत खेळायचे. आमच्याकडंही काही सोन्याचा धूर निघत नव्हता, पण त्यांच्यापेक्षा आम्ही बरे होतो. हे मला त्या वयातही चांगलं ठाऊक होतं आणि सुखाचं वाटत होतं.

त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. भांडी भाड्यानं आणली होती: पाण्याचे दोन हंडे, आमटीची पातेली, पराती, तांबे. पहिली पंगत बसली, भात वाढून झाला, आणि भांडीवाला दोन हमाल घेऊन दारात उभा राहिला. कुठल्या तरी बड्या घरचं कार्य अचानक निघालं होतं, त्यांनी भांडी मागितली होती. थांबायला तो तयार नव्हता. हमालांनी हंडे अंगणात पालथे केले. आमटी मातीच्या घागरीत ओतली. त्याची आई एका पातेल्याच्या काठाला धरून बसली, तसा तो भांडीवाला शांतपणे म्हणाला, "नाव बघा की बाई. कुनाचं हाय?"

बाईला वाचता येत नव्हतं. आम्ही दोघं मात्र नुकती जोडाक्षरं शिकलो होतो. त्यानं खाली वाकून पातेल्याच्या खांद्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर आईचा हात काठावरनं सुटला.

ते नाव माझ्या वडिलांनी घातलेलं होतं. मला त्या वेळी काय वाटलं, हे खरं सांगायचं तर, अक्षर किती गोल आणि ठसठशीत आलंय, असं वाटलं.

पुढं तो सुताच्या दुकानात नोकरीला लागला आणि मी ओट्यावर बसलो. पहिल्या लढाईच्या जरा आधी तो एकदा माझ्याकडं आला. मालक धंदा आवरून गावी चालला होता आणि उरलेले रंगाचे डबे स्वस्तात द्यायला निघाला होता. "चल की गड्या, निम्मं निम्मं करू," म्हणाला. मी म्हणालो, हातातली छिन्नी टाकून डबे कोण वाहणार? त्यानं एकट्यानं उचलले. लढाई लागली, परदेशी रंग यायचा बंद झाला, आणि डब्यातल्या त्या रंगाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली तेव्हा त्याचं स्वतःचं सुताचं आणि रंगाचं दुकान होतं. आणखी चार वर्षांनी दगडी जोत्याचं दोन मजली घर, टांगा, बायकोच्या हातात पाटल्या, आणि वरच्या खिडकीत ग्रामोफोन. तो ग्रामोफोन माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. मी हातोडी जोरात मारायचो.

माणूस श्रीमंत झाला की निदान त्यानं थोडं दुःखी तरी व्हावं. एवढीच माझी अपेक्षा होती. अपचन व्हावं, झोप उडावी, भावाभावांत धुसफूस व्हावी. त्याची हजामत करणारा न्हावी माझीही करायचा. त्याला मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, झोपबीप लागती का त्याला?"

"लागती का म्हंजे? हजामत करता करता घोरतोय," न्हावी म्हणाला.

जेवणही पूर्वीचंच. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. दुपारी दुकानाच्या गादीवर बसून कागदावर घेऊन खायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "या जेवायला" म्हणायचा. मलाही म्हणायचा. मी पोट भरलंय सांगायचो, आणि ते रिकामं असायचं. त्याच्या पैशाचा मला हेवा वाटत होता हे मी बायकोपाशी कबूल करायचो. पण तो पैसा त्याला चावत नव्हता, पचत होता, याचा हेवा किती मोठा होता ते मी तिलाही सांगितलं नाही. तिला ते दिसत होतंच. "तुमचं पोट दुकतंय, आन काढा त्येच्यासाटी उकळायचा का?" असं ती विचारायची.

आणि मग ती भांडी आली.

कासाराचा हमाल एका दुपारी गाडी भरून आला. हंडे, घंगाळी, पातेली, पराती, ओगराळी, तांबे, फुलपात्रं. ओट्यावर जागा उरली नाही, रस्त्यावर मांडावी लागली. दोन मोठ्या लग्नांना पुरतील एवढी भांडी. मी चिठ्ठी घेतली. वर त्याच्या दुकानाचं नाव. खाली भांड्यांची यादी, कासाराच्या हातची. सगळ्यांत खाली, नाव काय घालायचं ते लिहायच्या जागी, दोन शब्द होते: नाव नको.

"नाव नको तर इथं कशाला आणलीस?" मी हमालाला विचारलं.

"मला काय म्हाईत? भांडी निगाली की तुमच्याकडं आनायची, येवढंच मला सांगितलंय," तो म्हणाला आणि गाडी घेऊन निघून गेला.

संध्याकाळपर्यंत सगळी ओळ बोलायला लागली. भांडी गावासाठी होती. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यावी, फुकट, आणि घासून परत करावी. देवळामागच्या धर्मशाळेतली एक खोली त्यासाठी मागून घेतली होती, किल्ली गुरवाकडं राहणार होती. आणि वर नावसुद्धा घालायचं नव्हतं. "याला म्हणतात दान," शेजारचा कासार डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. मी भांड्यांकडं बघत बसलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाव घातलं असतं तर मी म्हणालो असतो, नावासाठी केलं. मला तेवढीही जागा त्यानं ठेवली नव्हती. शिवाय मजुरीही गेली, पण ते मला नंतर सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडू उचलला आणि पहिल्या हंड्याच्या खांद्यावर लिहिलं: नाव नको. मग छिन्नी लावली.

चिठ्ठीचा अर्थ मला कळला नव्हता असं नाही. शेंबड्या पोरालाही कळला असता. पण चिठ्ठीत जे लिहिलंय ते घालायचं, हा आमच्या धंद्याचा नियम, आणि त्या नियमाआड मला छान उभं राहता येत होतं. मला वाटलं, लोक हे वाचतील आणि हसतील. म्हणतील, बघा याचा मोठेपणा, नाव नको हेही कोरून घेतलंय. पितळेवर उठवलेलं अक्षर पुसता येत नाही. त्याच्या दानाला जन्माची शेपटी लागेल.

पाच दिवस मी तेच चार अक्षरांचं काम केलं. दुसरं काही घेतलं नाही. आणि एक सांगतो, तसं अक्षर माझ्या हातून पुन्हा उठलं नाही. वळणात वळण, ठिपक्यात ठिपका, कान्याची रेघ एका उंचीची. 'को'ची मात्रा तर बघत राहावी अशी. हात जरासुद्धा हलला नाही. प्रेमानं केलेल्या कामात माझा हात कधीमधी चुकलाय, त्या कामात चुकला नाही.

सहाव्या दिवशी तो स्वतः आला. टांग्यातून उतरला, हंड्यापाशी गेला आणि थांबला. मी चिठ्ठी हातात धरूनच बसलो होतो. तो उकिडवा बसला, अक्षरांवरनं बोट फिरवलं. मग दुसरं भांडं पाहिलं, तिसरं पाहिलं. मी म्हणालो, "चिठ्ठीत होतं तेच घातलंय."

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते उपरण्यानं पुसत तो म्हणाला, "आता कुनी म्हनू दे, नाव बघा की बाई. बघितलं तर ह्येच वाचंल."

त्याच्या बहिणीच्या लग्नातली ती पंगत मी साफ विसरलो होतो. भांडी कशासाठी घेतली आणि नाव का नको, हे मला तिथं, त्या रस्त्यावर, चिठ्ठी हातात धरून कळलं. तो विसरला नव्हता. त्यानं सगळ्या भांड्यांची, सगळ्या अक्षरांची मजुरी मोजून दिली आणि वर म्हणाला, "तुजं अक्षर अजून तसंच हाय रं." मी त्याच्यासाठी काढलेलं विष तो साखर म्हणून खाऊन गेला.

पुढं जे झालं ते तर बघवत नव्हतं. गाव हसलं, पण कौतुकानं. त्या भांड्यांना लोक 'नावनको' म्हणायला लागले. नावनकोचा हंडा, नावनकोची परात. "लग्नाला भांडी कुटनं आनली?" "नावनकोची." आणि मग त्याचं नाव निघाल्याशिवाय हे बोलणं पुरं व्हायचं नाही. ज्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि दारावर संगमरवरी पाट्या लावल्या, त्यांची नावं कुणी वाचत नव्हतं. याचं नाव घालायचं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांच्या तोंडी. आणि ते तोंडी घालणारा कोण, तर मी. गड्ड्याच्या जत्रेत अनोळखी माणूस त्याला वाकून नमस्कार करताना मी बघितला, आणि जिलबी तशीच टाकून घरी आलो.

माझ्या मुलीचं लग्न वैराग गावातल्या एका घरी ठरलं तेव्हा बायकोनं गृहीतच धरलं, भांडी नावनकोची आणायची. मी म्हणालो, त्याच्या भांड्यात माझ्या मुलीच्या लग्नाचं अन्न शिजणार नाही.

"त्येची कशी? गावाची हायती," ती म्हणाली.

"मी भाड्यानं आणतो."

"आनि आमटी कुटली? भाड्याचीच व्हय?"

मी भाड्यानं आणली. दिसायला चकचकीत होती, पण कल्हई कधी केलेली होती देव जाणे. वऱ्हाड आलं, अक्षता पडल्या, आणि पंगत बसायच्या आधी आचारी ओगराळं घेऊन माझ्याकडं आला. चिंचेची आमटी कळकली होती. हिरवट दिसत होती, जिभेला लावली तर कडू. दोन्ही पातेली तशीच. वैरागचे व्याही मांडवाच्या खांबाला टेकून पान जमवत होते, आणि मी ते ओगराळं पाठीमागं लपवलं.

तो बायकोसकट आमंत्रणाला आलेला होताच. आचाऱ्याचं तोंड बघितलं, माझं बघितलं, आणि काही न विचारता टांगा काढून गेला. घटकाभरानं परतला ते नावनकोची चार पातेली, डाळीचं पोतं आणि आपल्या घरची स्वयंपाकीणबाई घेऊन. तोवर त्याच्या बायकोनं वऱ्हाडाला ताक आणि गप्पा पुरवल्या. पंगत उशिरा बसली, पण बसली, आणि आमटी चांगली झाली. माझे व्याही वाढायच्या पातेल्याकडं बघत म्हणाले, "हे काय लिवलंय? नाव नको? कुनाचं हो हे?" मांडवातल्या दहा जणांनी बोट त्याच्याकडं केलं. व्याही उठून त्याला भेटले. अक्षर कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि दहा जणांतल्या एकालाही ते सांगावंसं वाटलं नाही.

त्यानं मला वाचवलं होतं. मुलीचं सासर माझ्यावर हसलं असतं, ते हसलं नाही. मला हे कळत होतं. पण आभार मानायला तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "जेवून जा." तो म्हणाला, "जेवल्याबिगार जातोय व्हय?" आणि पोटभर जेवला.

तीस-एकतीसच्या सुमारास मंदी आली. गिरण्यांचे भोंगे वाजत होते पण सुताला उठाव नव्हता. दुकान आटलं, आणि धाकट्या दोन भावांनी वाटणी मागितली. खरं सांगतो, बातमी ऐकली त्या दिवशी मी बायकोला गोडाचं करायला सांगितलं. तिनं केलं नाही.

घर, दुकान, गुदाम, दागिने, सगळ्यांच्या वाटण्या झाल्या. अडलं ते नावनकोवर. भाऊ म्हणाले, भांडी दुकानाच्या पैशानं घेतलेली, दुकान तिघांचं, तर भांडीही तिघांची. आमचा वाटा आम्ही मोडीत घालू. पंच म्हणाले, ज्याचं नाव भांड्यावर, त्याचं भांडं, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. इथं नावच नाही. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी ती दिली तवाच माजी राहिली न्हाईत. माज्या शब्दाला आता त्यात काय किंमत?" ज्या कासारानं भांडी विकली तो वारला होता, त्याचं दुकान उठलं होतं. शेवटी कुणाला तरी आठवलं की भांडी माझ्याकडं चिठ्ठीसकट आली होती. पंचांनी निरोप धाडला: दुपारी येतो, चिठ्ठी काढून ठेवा.

चिठ्ठी मला लगेच सापडली. वर त्याच्या दुकानाचं नाव, स्वच्छ. ती पंचांच्या हातात दिली की झालं. भांडी दुकानाची ठरणार, दोन वाटे मोडीत जाणार, आणि त्याच्याकडं उरेल त्याला गाव नावनको म्हणणार नाही. एवढ्या वर्षांचं माझं पोटदुखणं त्या चतकोर कागदात गुंडाळलेलं होतं. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं खरं बोलायचं होतं.

पंच यायला अवकाश होता म्हणून मी धर्मशाळेकडं गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. कदाचित शेवटचं बघून घ्यावं म्हणून. खोली उघडी होती. आदल्या दिवशी कुणाचं तरी लग्न झालं होतं, आणि चार बाया अंगणात बसून चिंच आणि राखेनं भांडी घासत होत्या. घासलेली भांडी उन्हात पालथी घातलेली. सगळीकडं माझं अक्षर. एका बाईनं हंडा फिरवला आणि अक्षरांच्या खाचांतली राख नखानं काढली, अगदी सावकाश, एकेक अक्षर.

मोडीत भांडं घेतात तेव्हा ते जागेवर घण घालून चेपतात. म्हणजे गाडीत जास्त मावतं. मी ते शंभरदा पाहिलेलं होतं, माझ्या वडिलांची अक्षरंही तशी चेपताना पाहिलेली होती. ही अक्षरं चेपणार. ती कान्याची रेघ, ती मात्रा. उभ्या जन्मात मी एकच काम असं केलं की ज्याला नाव ठेवायला मला स्वतःलाही जागा सापडत नव्हती.

दोघा भावांना घेऊन पंच आले. ओट्यावर बसले. मी गूळपाणी दिलं.

"चिट्टी?" त्यांतल्या थोरल्यानं विचारलं.

"उंदरांनी खाल्ली," मी म्हणालो.

"काय व्हतं तीत?"

"जे होतं तेच मी घातलंय. नाव नको. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर ते घातलं नसतं का? मजुरी अक्षरावर आहे माझी."

पंचांनी एकमेकांकडं बघितलं. थोरला म्हणाला, "नाव कुनाचंच न्हाय म्हंजे गावाची." भाऊ तणतणत निघून गेले. चिठ्ठी त्या वेळी माझ्याच मांडीखाली होती.

लोक म्हणाले, दोस्तीला जागला. बायको चार दिवस माझ्याकडं निराळ्याच नजरेनं बघत होती आणि ताटात तूप जरा जास्त पडत होतं. मी कुणाला काही सांगितलं नाही. दोस्ती नव्हती ती. माझी अक्षरं होती.

वाटणीत त्यानं घर भावांना दिलं. स्वतः मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला गेला. टांगा गेला, ग्रामोफोन गेला. एका लहान दुकानात सुताच्या पेट्या घेऊन बसायला लागला. मी वाट बघत होतो. आता तरी त्याच्या तोंडावर काही दिसेल. त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं, तेव्हा तो गुरवाकडं गेला, आपल्या आधी आलेल्या दोघांना पुढं जाऊ दिलं, आणि नावनकोची भांडी सगळ्यांसारखी मागून घेतली. लग्नानंतर ती त्यानं आणि त्याच्या बायकोनं दारात बसून घासली. मी मुद्दाम त्या गल्लीतनं गेलो. धोतर वर खोचून तो हंडा घासत होता आणि बायकोला काहीतरी सांगून हसवत होता. स्वतःचंच दिलेलं मागून आणणारा माणूस एवढा खुशीत कसा असू शकतो? त्याच्याकडं होतं तेव्हा मी जळत होतो. त्याचं गेलं तेव्हाही मी जळतच होतो, आणि आता तर कशावर जळतोय ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

काही महिन्यांनी तो माझ्या ओट्यावर आला. हातात एक फुलपात्र. चालत आला होता, कपाळाला घाम.

"बाया लई घासत्यात," म्हणाला. "अक्षरं झिजली बघ. गुरव म्हनला, पुन्ना उठवून आन."

मी फुलपात्र घेतलं आणि जुन्या ठिपक्यांवर छिन्नी लावली. तो शेजारी पाय सोडून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "तुज्या दुकानात उंदीर कवापास्नं झालं रं?"

मी पुढच्या ठिपक्यावर छिन्नी सरकवली.

"वडलांच्या येळंपास्नं एक चिट्टी खाल्लेली म्या ऐकली न्हाय," तो म्हणाला. माझं काम संपत आलं तेव्हा त्यानं बोट फुलपात्राच्या बुडाकडं नेलं. "हितं खाली बारकं तुजं नाव घाल. अक्षर तुजं हाय. येवड्या वर्सांत कुनी ईचारलंबी न्हाय. येकेक करून सगळी भांडी आनून दितो, सगळ्यांवर घाल."

हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती वर्षं थांबलो होतो, ते त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. आणि म्हणणारा तोच निघावा. मी खडू घेतला. फुलपात्राच्या बुडाशी माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. चांगलं आलं. वडिलांनी काढलं असतं तसं आलं. मग ते मी अंगठ्यानं पुसलं.

"नाव नको," मी म्हणालो.

त्या पहिल्या दिवशी हसला होता तसा तो हसला, उपरण्यानं डोळे पुसेपर्यंत. मीही हसलो. ते मी मनापासून म्हणालो, की हे त्याला एकट्यालाच जमतं असं त्याला वाटू नये म्हणून म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. पण तेवढ्या वेळापुरतं माझं पोट दुखायचं थांबलं होतं, हे नक्की. मजुरी मी घेतली नाही.

तो फुलपात्र घेऊन रस्त्याला लागला. दुकानादुकानातनं लोक हाक मारून त्याला नमस्कार करायला लागले, तो थांबून सगळ्यांना फुलपात्र दाखवायला लागला, आणि ओळीच्या मध्यापर्यंत तो पोचला नसेल तोच मला पुन्हा दुखायला लागलं.